लेंड्या पडतात, मग बोकड कुंथतोय कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. बार्शी तालुक्यात माझं छोटं बंदिस्त शेळीपालन आहे, 22 उस्मानाबादी बोकड ईदसाठी वाढवतोय. मागच्या आठवड्यात 5 महिन्यांचा एक बोकड पाय ताणून सारखा कुंथत होता, पोट कडक झालं असेल म्हणून गोडेतेल पाजलं, तिसऱ्या दिवशी पोट फुगून मेला. आज सकाळपासून दुसरा तसंच करतोय. गहू भुसा (गव्हाचा कोंडा) आणि मका भरडा पोटभर देतो, शेळ्यांनाही तेच, पण त्या ठणठणीत आहेत. असं का?

उत्तर: आधी दुसऱ्या बोकडाकडे जा, बाकीचं नंतर वाचा. लेंड्या पडत असतील तर लघवी अडकली असणार. कोरड्या जागेवर तासभर एकटा बांधा, खाली ओलंच झालं नाही किंवा नुसते थेंब पडले तर आजच्या आज डॉक्टर बोलवा, उद्यावर ढकलू नका. लघवीच्या जागेच्या केसांना पांढरे कण चिकटलेत का बघा, बोटांत चुरडले की वाळूसारखे करकरतात, तो मुतखडा. तेल नको, बळेच पाणी नको, लघवी सुटायचं इंजेक्शन तर अजिबात नको, वाट बंद असताना टाकी भरत राहिली तर फुटणारच ना. पहिल्याचं बहुतेक तेच झालं, ती फुगी गॅसची नसावी, लघवी पोटात उतरली असेल.

बोकडाच्या लिंगाच्या टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी असते, खडा बऱ्याचदा तिथंच अडकतो. डॉक्टर ती कापतात आणि कधीकधी तेवढ्यावर धार सुटते. खडा मूत्रनळीच्या वरच्या वळणात असला तर मात्र ऑपरेशन, आणि खरं सांगायचं तर त्याचीही खात्री नसते. शेळीची मूत्रनळी आखूड आणि रुंद, तिचे खडे निघून जातात.

आता खुराक. गहू भुशात कॅल्शियमच्या आठेक पट फॉस्फरस असतो, मक्यातही तसाच प्रकार, आणि आपल्याला हवं उलटं, कॅल्शियम दुप्पट. त्यात भरडा चघळावा लागत नाही, लाळ कमी सुटते, एरवी लाळेतून शेणावाटे जाणारा फॉस्फरस मग लघवीत उतरतो. भुसा बंद करा, भरडा हळूहळू निम्म्यावर आणा, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि थोडा लसूणघास वाढवा. खुराकात मीठ घाला म्हणजे पाणी पितील, थंडीत पाणी कोमट ठेवा, गार पाण्याला बोकड तोंड लावत नाहीत.

नवसागराने (अमोनियम क्लोराइड) लघवी आम्लधर्मी होते, खडे धरत नाहीत, साधारण खुराकाच्या अर्धा ते एक टक्का, पण डॉक्टरला विचारूनच. कल्हईवाल्याकडचा नको हं, पशुखाद्याच्या दर्जाचा घ्या.

खच्ची कधी केले ते लिहिलं नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात केले असतील तर मूत्रनळी बारीकच राहते, पुढच्या वेळी पाच-सहा महिने थांबा.