आमचा कागद न्यायालयाने पाहिलाच नाही

प्रश्न : चुलत दिरांनी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपासाठी आमच्यावर दावा लावला आहे. खरं तर १९९८ मध्येच नोंदणीकृत वाटणीपत्र झालं, फेरफारही झाला. आमच्या वकिलांनी ‘सेव्हन इलेव्हन’चा, म्हणजे दावा सुरुवातीलाच फेटाळा असा, अर्ज देऊन वाटणीपत्र जोडलं. न्यायाधीशांनी ते विचारात न घेताच अर्ज फेटाळला. आमचा कागद खोटा ठरला का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही, ताई. तुमच्या वाटणीपत्राबद्दल न्यायालयाने अजून बरं-वाईट काहीच म्हटलेलं नाही.

मी दिवाणी न्यायाधीश होते तेव्हा असा अर्ज आला की प्रतिवादीचे कागद बाजूला ठेवून एकटं वादपत्र, म्हणजे वादीने दाव्यात लिहून दिलेलं म्हणणं, पुढ्यात घ्यायचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली पाहायचं एवढंच, की वादीचं म्हणणं अक्षरशः खरं धरलं तरी दावा कायद्याने उभा राहतो का. वादपत्र आणि त्याला आधार म्हणून वादीने दिलेले दस्तऐवज, यापलीकडे जायचं नाही. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला त्याचं लेखी उत्तर, या टप्प्यावर पूर्णपणे गैरलागू, असं सर्वोच्च न्यायालयाने सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

तुम्हाला हा अन्याय वाटेल. पण उद्या तुम्ही वादी असाल आणि समोरच्याने एखादा कागद पुढे केला, तर उलटतपासणीशिवायच तुमचा दावा संपावा का?

म्हणून काही वादपत्रात वाट्टेल ते लिहून दावा तगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच दहिबेन प्रकरणात (२०२०) सुरतच्या जमिनीच्या २००९ च्या खरेदीखताला २०१४ मध्ये आव्हान दिलं होतं. सुमारे १ कोटी ७४ लाखांपैकी ४० हजारच मिळाले, ही तक्रार. पण तसं असेल तर ते तेव्हाच कळलेलं असणार, आणि ३ वर्षांची मुदत उलटल्याचं वादपत्रावरूनच दिसत होतं. दावा तिथेच संपला.

तुमच्या दिरांचं वादपत्र शेवटपर्यंत वाचा. १९९८ च्या वाटपाचा त्यात उल्लेखच नसेल, तर आदेश माझ्या मते बरोबर आहे; रिव्हिजनसाठी, म्हणजे आदेश तपासून बदलून घ्यायला, उच्च न्यायालयात धावू नका. कैफियत राहिली असेल तर आधी ती द्या. दुय्यम निबंधक कार्यालयातून वाटणीपत्राची प्रमाणित नक्कल काढा. त्यावर सह्या करणारे साक्षीदार हयात असतील, तर या आठवड्यातच त्यांना भेटा.