वाचक विचारतात: मियाजिमाला अर्धा दिवस पुरेल का?

या वेळी बरीच पत्रं एकाच ठिकाणाबद्दल आहेत, जपानमधल्या हिरोशिमाजवळचं मियाजिमा बेट. समुद्रात उभं असलेलं ते केशरी-लाल लाकडी महाद्वार सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं, त्यामुळे प्रश्नही बहुतेक तिथूनच सुरू होतात. मी या बेटावर तीनदा जाऊन आले आहे आणि मला ते फार आवडतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उत्तरं लांबली तर समजून घ्याल.

प्रश्न: आम्ही नोव्हेंबरमध्ये जपानला जातोय, मी, नवरा आणि सासूबाई (वय ६८, गुडघ्यांचा त्रास आहे पण हळूहळू चालतात). हिरोशिमात दोन दिवस आहोत. एका दिवशी सकाळी पीस पार्क आणि म्युझियम (अणुबॉम्बच्या स्मृतीचं) करून दुपारी मियाजिमा उरकावं असं नवऱ्याचं म्हणणं आहे. जमेल का?

जमेल, पण तसं करू नका. दोन दिवस हातात आहेत ना, मग एक अख्खा दिवस बेटाला द्या. पीस म्युझियम बघून बाहेर पडल्यावर माणूस गप्प होतो, लगेच ट्रेन पकडून फोटो काढायला पळावंसं वाटत नाही. आणि दुपारी बेटावर गेलात तर इत्सुकुशिमाचं देऊळ (महाद्वार त्याचंच) होईल, बाजार होईल पण डोंगर राहील, आणि डोंगर राहिला तर माझ्या मते मियाजिमा अर्धंच बघितलं. नोव्हेंबरमध्ये तिथे संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो हेही लक्षात घ्या, दुपार अगदीच छोटी असते.

हिरोशिमा स्टेशनवरून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) सान्यो लाइनने मियाजिमागुची, साधारण अर्धा तास. स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर धक्का, तिथून फेरी, दहा मिनिटांत पलीकडे. शहरातून ट्रामही जाते पण तिला तासाच्या वर लागतो. सासूबाईंना ट्राममधून शहर बघायला आवडेल, तर येताना ट्रामने या, जाताना मात्र ट्रेनच घ्या. फेरी दोन कंपन्यांच्या आहेत, तुमच्याकडे जेआर पास असेल तर जेआरची फेरी त्यात येते, फक्त बेटावर जाणाऱ्या पर्यटकांना ऑक्टोबर २०२३ पासून १०० येन कर आहे तो वेगळा भरावा लागतो. दिवसा जेआरची फेरी जाताना जरा वळसा घेऊन महाद्वाराच्या जवळून नेते, उजव्या बाजूला उभं राहा.

सकाळी लवकर पोचा. नऊच्या आत पोचलात तर देवळात शांतता मिळते, दहानंतर टूर ग्रुप येतात आणि मग त्या अरुंद पडव्यांमध्ये रांगेनेच सरकावं लागतं. आधी देऊळ, मग रोपवे, मग खाली येऊन जेवण आणि बाजार, आणि परत जायच्या आधी पुन्हा एकदा किनारा. किनारा दोनदा का, ते पुढच्या उत्तरात.

आता सासूबाई आणि डोंगर. डोंगराचं नाव मिसेन, उंची ५३५ मीटर. रोपवे दोन टप्प्यांत आहे, आधी छोटे डबे, मग मध्येच उतरून मोठ्या डब्यात चढायचं, आणि शेवटचं स्टेशन शिशिइवा. इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण ती माहीत नसते म्हणून लोकांचे हाल होतात: रोपवे शिखरावर जात नाही! शिशिइवापासून माथा पायी अर्ध्या तासाच्या आसपास आहे आणि ती वाट आधी खाली उतरते आणि मग चढते, दगडी पायऱ्या, काही ठिकाणी उंच उंच. म्हणजे येतानाही चढ आहेच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी तिथे नेणार नाही. पण शिशिइवाहून दिसणारा समुद्र हाच इतका सुंदर आहे की त्यांनी तिथे बसून राहिलं तरी काही हुकलं असं वाटणार नाही, सेतोचा तो आतला समुद्र, त्यात विखुरलेली बेटं आणि पाण्यावर कालवांच्या शेतीचे तराफे आखीव ओळींत. तुम्ही दोघं आळीपाळीने वर जाऊन या, त्यांना एकटं बसवू नका. परतीचा शेवटचा डबा किती वाजता ते वर जातानाच विचारून ठेवा, आणि देखभालीसाठी रोपवे वर्षातून काही दिवस बंद असतो, वाऱ्यानेही थांबतो, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री एकदा चेक करा.

प्रश्न: फोटोत ते गेट पाण्यावर तरंगताना दिसतं. माझी मैत्रीण गेली तेव्हा सगळीकडे चिखल होता आणि लोक गेटखाली सेल्फी काढत होते. नेमकं कधी जायचं?

मैत्रीण ओहोटीला गेली, एवढंच. तिथे भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत जवळजवळ चार मीटरपर्यंत फरक पडू शकतो. बेटाच्या पर्यटनवाल्यांचा साधा हिशेब असा की भरतीच्या तक्त्यात पातळी २५० सेंटिमीटरच्या वर असेल तर महाद्वार पाण्यात उभं दिसतं आणि १०० च्या खाली असेल तर तुम्ही चालत त्याच्या पायाशी जाऊ शकता. तक्ता आधीच उपलब्ध असतो, तारीख ठरवतानाच बघा, हॉटेल बुक करायच्या आधी. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं, म्हणून मी किनारा दोनदा म्हणते, दिवसभर थांबलात तर दोन्ही रूपं मिळतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं तेव्हा फरक सगळ्यात मोठा, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी धड वरही नाही आणि धड खालीही नाही. पहिल्या वेळी मी तक्ता न बघता गेले होते आणि नेमकी अशीच अधली-मधली पातळी मिळाली, ना तरंगणारं महाद्वार ना पायाशी जाता आलं, फार वाईट वाटलं होतं.

पण ओहोटीला नाक मुरडू नका. जवळ जाऊन ते खांब बघाच. हे महाद्वार १८७५ सालचं, उंची १६ मीटरच्या वर, वजन ६० टनांच्या आसपास, मुख्य खांब म्हणजे कापराच्या झाडाचे अख्खे बुंधे, आणि ते जमिनीत पुरलेले नाहीत! समुद्रतळाशी पाया पक्का केलाय आणि त्यावर हे स्वतःच्या वजनाने उभं आहे. वरची आडवी तुळई आतून पोकळ पेटीसारखी आहे, तिच्यात दगड भरलेत, वजन वाढवायला. वादळं, लाटा, सगळं सोसून दीडशे वर्षं. २०१९ ते २०२२ मोठी दुरुस्ती झाली तेव्हा ते पूर्ण झाकलेलं होतं, आता मोकळं आहे. एक विनंती, खांबांच्या फटीत नाणी खुपसू नका. लोक श्रद्धेने करतात पण लाकूड खराब होतं, देवळानेच नको म्हणून सांगितलंय.

प्रश्न: माझ्या मावशीने सांगितलं की त्या बेटावर सरस्वतीचं देऊळ आहे. जपानमध्ये सरस्वती? खरं आहे का?

खरं आहे! ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे आणि टूरवाले ती दोन वाक्यांत संपवतात.

इत्सुकुशिमा हे मुख्य देऊळ शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं आहे, परंपरेनुसार ५९३ साली स्थापन झालेलं, आणि आजचं रूप १२ व्या शतकात ताइरा नो कियोमोरी या सामुराई सरदाराने दिलं. तिथे समुद्राच्या तीन देवी आहेत, तिघी बहिणी. त्यातली एक, इचिकिशिमाहिमे, हिला लोक पुढे बेंझाइतेन मानू लागले. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेली. तिच्या हातात वीणेच्या जागी बिवा नावाचं तंतुवाद्य आलं आणि पाण्याशी नातं कायम राहिलं, आपल्याकडेही ती आधी नदीच ना, म्हणून जपानमध्ये तिची देवळं बेटांवर, तळ्याकाठी सापडतात. १८६८ मध्ये सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करायचा हुकूम काढला, त्यानंतर मियाजिमाची बेंझाइतेन शेजारच्या दाइगानजी या बौद्ध मंदिरात गेली. ते देवळाच्या बाहेर पडायच्या वाटेवरच आहे, बहुतेक लोक सरळ पुढे जातात. मावशींना सांगा, तिथे थांबा.

आणि बाजारात भाताचे लाकडी डाव दिसतील, सगळीकडे, शामोजी म्हणतात, एक तर ७.७ मीटर लांबीचा प्रदर्शनात ठेवलाय. बेटावरच्या एका भिक्षूने साधारण १८०० च्या सुमाराला हा आकार सुचवला असं सांगतात, बेंझाइतेनच्या बिवावरून. म्हणजे सरस्वतीचं वाद्य बघून भात वाढायचा डाव! मी एक आणलाय, रोज वापरते.

डोंगरावर आणखी आहे. कोबो दाइशी म्हणजे कुकाइ, शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक, त्यांनी ८०६ साली मिसेनवर साधना केली अशी परंपरा आहे आणि तेव्हा पेटवलेला अग्नी १२०० वर्षं तेवत ठेवलाय असं मानतात. माथ्याच्या थोडं खाली रेइकादो नावाचं मंदिर आहे तिथे तो अग्नी, त्याच्यावर मोठी लोखंडी किटली, त्या पाण्याने आजार बरे होतात अशी लोकांची श्रद्धा. धुराने डोळे चुरचुरतात आत. हिरोशिमाच्या पीस पार्कमधली ज्योत १९६४ मध्ये पेटवली तेव्हा या अग्नीचाही अंश तिथे नेला होता. म्हणून वरच्या ताईंना म्हटलं की दोन्ही ठिकाणं वेगवेगळ्या दिवशी करा, आधी ती ज्योत बघा आणि दुसऱ्या दिवशी तिचं हे मूळ बघायला डोंगर चढा. शिंगोन मंदिरांत अग्नीत आहुती देतात त्या विधीला गोमा म्हणतात, हा शब्द आपल्या होमावरूनच आलाय. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बेटावर काय खायचं?

अवघड आहे. बेटाची ख्याती कालवं आणि अनागो नावाच्या समुद्री बामाच्या भातासाठी. भाज्यांचं सूप, नूडल्स सगळ्यात दाशी नावाचं उकळून काढलेलं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा माशाचं. मोमिजी मांजू म्हणजे मेपलच्या पानाच्या आकाराचा छोटा केक, आत गोड लाल बीनचं सारण, सगळे खातात, पण त्याच्या पिठात अंडं असतं. त्यामुळे डबा हिरोशिमातूनच न्या. कन्व्हिनियन्स स्टोअरमधले साधे मिठाचे ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, फळं, सुका खाऊ. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेल्या ओनिगिरीतही कधी माशाचा अर्क असतो, पाकिटावर मोबाइलने भाषांतर करून बघा. वर डोंगरावर जाताना पाणी भरपूर घ्या. कचरा परत आणायचा, तिथे डस्टबिन क्वचितच सापडतात.

प्रश्न: हरणांना खायला घालता येतं का, नारासारखं? मुलगी सहा वर्षांची आहे.

नाही. नारा शहरात हरणांना घालायची बिस्किटं विकत मिळतात, इथे तसं नाही, खायला घालू नका असंच सांगितलं जातं. ती माणसाळलेली दिसतात पण जंगली आहेत. मुलीच्या हातात खाऊ किंवा कागद दिसला तर ती जवळ येतात, नकाशा, तिकीट, कागदी पिशवी, काहीही चावतात. तिकिटं खिशात आत ठेवा.

प्रश्न: रोपवे न घेता मिसेन चढायचा आहे. ट्रेकिंगची सवय आहे. कुठली वाट?

वाटा तीन आहेत, मोमिजिदानी, दाइशोइन आणि ओमोतो. माझं मत, दाइशोइन. सुमारे ३ किलोमीटर, जवळजवळ सगळ्याच दगडी पायऱ्या, दीड ते दोन तास. मोमिजिदानी थोडी जवळची आहे पण तिच्यावर झाडीच जास्त, नजारा कमी. दाइशोइनच्या वाटेवर मागे वळलं की समुद्र आणि महाद्वार दिसत राहतं, आणि वाट सुरू होते त्या दाइशोइन मंदिरातच अर्धा तास सहज जातो, लोकरीच्या टोप्या घातलेल्या पाचशे अर्हतांच्या छोट्या मूर्ती आहेत, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. पायऱ्यांच्या कठड्यात सूत्रं कोरलेली चक्रं बसवलीत, हाताने फिरवत जायचं.

डोंगरावरचं जंगल कधी तोडलेलं नाही, १९२९ पासून ते राष्ट्रीय संरक्षित आहे. पूर्वी अख्खं बेटच इतकं पवित्र मानायचे की तिथे जन्म आणि मृत्यू दोन्ही होऊ द्यायचे नाहीत, बाळंतिणीला पलीकडच्या किनाऱ्यावर नेत, आणि आजही बेटावर स्मशान नाही. देऊळ पाण्यावर बांधलं तेही म्हणूनच, की देवाच्या जमिनीवर घाव पडू नये. हे माहीत असलं की त्या जंगलातून चालताना आवाज आपोआप खाली येतो.

सवय असली तरी पावसानंतर पायऱ्या फार निसरड्या होतात, तेव्हा उतरायला रोपवे घ्या. आणि चढायला सकाळीच लागा.

प्रश्न: संध्याकाळी थांबावं का लवकर निघावं?

थांबा. चार-पाचनंतर डे-ट्रिपवाले निघतात, दुकानं बंद होतात आणि बेट एकदम रिकामं होतं. अंधार पडला की महाद्वारावर दिवे लागतात. फेऱ्या रात्रीही असतात पण कमी, त्यामुळे उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या परतीच्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा. खाऊ दुपारीच घेऊन ठेवा आणि स्वेटर बरोबर असू द्या, पाण्यावरचा वारा संध्याकाळी चांगलाच बोचतो.