झूमचं नंतर, आधी कार्डाचं बघू

पत्र थोडक्यात असं आहे. वय ३४, नोकरी पक्की, घरात पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. फोटोंचा नाद कॉलेजपासूनचा, पण आजवर तो फोनवरच भागवला. आता खिशात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. दोन मनात भरलेत. एकाला तीसपट झूम आहे. दुसऱ्याला जेमतेम तीनपट, पण सेन्सर (उजेड टिपून फोटो बनवणारा आतला तुकडा) एक इंचाचा, आणि किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. "हौशी माणसाने कोणती वैशिष्ट्यं बघावीत, आणि महागडा घेणं पैशाच्या हिशेबात बसतं का?" प्रश्न एवढाच, तो पहिल्या परिच्छेदातच संपतो. पुढचं दीड पान 'हप्ता कसा सहज बसेल' हे पटवण्यात गेलंय, आणि मला उत्तर त्या दीड पानालाच द्यावं लागणार आहे.

तुमच्या रकमा इथे उघड करत नाही. हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरू आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजू. स्वस्त कॅमेरा ४५, महागडा ८०. सगळा खर्च भागून महिन्याला ५ उरतात, असं तुम्ही म्हणता.

आता तुमचंच एक वाक्य: "क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू दर महिन्याला न चुकता भरतो, त्यामुळे रेकॉर्ड स्वच्छ आहे." हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मिनिमम ड्यू म्हणजे बिलातला किमान भरावाच लागणारा भाग, पूर्ण बिल नव्हे. कार्डावर बाकी किती? १४०. किती दिवसांपासून? "दोनेक वर्षं साधारण तेवढीच आहे." व्याज किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा स्टेटमेंटचं दुसरं पान उलटलं नसेल. मी महिन्याला ३ टक्के धरतो, कार्डांचा दर साधारण त्याच आसपास असतो.

१४० वर ३ टक्के म्हणजे महिन्याला सव्वाचार. तुम्ही भरता ५ टक्के, म्हणजे ७. त्यातले सव्वाचार व्याजात जातात आणि मुद्दल पावणेतीनने उतरतं. तरी बाकी दोन वर्षं हलत नाही, याचा अर्थ तेवढीच नवी खरेदी दर महिन्याला कार्डावर चढते आणि तिचे पैसे चुकते होत नाहीत. म्हणजे तुम्हाला उरतात असं वाटणाऱ्या ५ मधले जवळजवळ ३ कार्डाने दिलेले उसने आहेत. खरे उरतात २. कॅमेऱ्याचा हप्ता ४ च्या वर आहे. हप्ता सहज बसत नाही, मुळात बसतच नाही.

सव्वाचार गुणिले चोवीस करा. दोन वर्षांत शंभर, म्हणजे एक अख्खा पगार व्याजात गेला. ८० चा कॅमेरा तुम्ही एकदा विकत घेऊन, वर २० घालून, बँकेला देऊन टाकलाय.

मिनिमम ड्यू भरल्याने दंड टळतो आणि रेकॉर्डवर डाग पडत नाही, हे खरं. व्याज मात्र टळत नाही. शिवाय बाकी पुढे ओढत राहिलात, की नव्या खरेदीला मिळणारे बिनव्याजी दिवसही जातात. आज केलेल्या खरेदीवर आजपासून व्याज सुरू. आजपासून कार्डावर एक पैशाची खरेदी केली नाहीत आणि फक्त ५ टक्के भरत राहिलात, तरी १४० चे ७० व्हायला सुमारे ३२ महिने लागतील. तेवढ्यात तुम्ही १६८ भरलेले असतील. ७० चं कर्ज उतरवायला १६८!

इथवरचं नेहमीचंच आहे, अशी पत्रं खूप येतात. मला खरा धक्का बसला तो शेवटून दुसऱ्या ओळीने. "मुलीसाठी १२० ची मुदत ठेव आहे, तिला मात्र मी हात लावत नाही."

का लावत नाही? कागदोपत्री ठेव तुमच्याच नावावर आहे, 'मुलीची' हे तुम्ही मनातल्या मनात दिलेलं नाव आहे. तिच्यावर ७ टक्के मिळतात, म्हणजे वर्षाला साडेआठ, त्यावर कर वेगळा. त्याच १२० वर कार्ड तुमच्याकडून वर्षाला ४३ घेतं. फरक ३५ च्या आसपास. महागड्या कॅमेऱ्याची जवळजवळ निम्मी किंमत दरवर्षी फक्त एवढ्यासाठी जाते, की एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशाला दाखवायचे नाहीत. ७ ने साठवायचं आणि ३६ ने उसनं घ्यायचं, यात मुलीचं काही जमत नाही.

ठेव मोडा. या आठवड्यात. मुदतीआधी मोडल्याचा भुर्दंड एक-दीड धरा. कार्डाचं ते दहा दिवसांचं व्याज आहे. १२० कार्डात भरले की उरले २०. तिथून पुढे कार्ड घरी ठेवायचं आणि खर्च खात्यातल्या पैशातूनच करायचा. मिनिमम ड्यूचे ७ सुटले, खरे उरणारे २ आहेत, मिळून ९. अडीच महिन्यांत कार्ड शून्यावर.

"पण अचानक आजारपण आलं तर?" हे तुम्ही विचारणार. तर कार्डाची मर्यादा तोवर मोकळी झालेली असेल आणि अगदीच वेळ आली तर वापरता येईल. त्या वाईटात वाईट परिस्थितीत तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल. त्याआधी न आलेल्या आजारपणासाठी वर्षाला ३५ मोजत राहण्यात अर्थ नाही.

आता हप्त्याकडे. "फ्लॅट १२ टक्के, चोवीस हप्ते." ८० वर दोन वर्षांचे २४ टक्के म्हणजे १९. एकूण ९९, महिन्याला ४.१. विक्रेता १२ म्हणतो, कारण व्याज सुरुवातीच्या पूर्ण ८० वर शेवटपर्यंत लावलंय. तुम्ही मात्र दर महिन्याला मुद्दल परत करत असता. वर्ष संपता संपता निम्म्याच्या आसपास फेडून झालेलं असतं, तरी व्याज ८० वरच चालू. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीसच्या वर जातो. त्यावर प्रोसेसिंग फी २ आणि वाढीव वॉरंटी ६. म्हणजे ८० चा कॅमेरा १०७ ला पडला.

वाढीव वॉरंटीवर माझा राग जुना आहे. काही वर्षांपूर्वी मीही छोट्या कॅमेऱ्यासोबत ती घेतली होती. चालू केला की भिंग नळीसारखं बाहेर येतं, बंद केला की आत जातं, असा तो कॅमेरा. नळीच्या फटीत वाळू गेली, भिंग अर्ध्यावर अडकलं. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात होतं: बाहेरून गेलेली धूळ, वाळू, पाणी, पडझड वगळून. छोटे कॅमेरे बहुतांशी याच कारणांनी मरतात. ज्या कारणाने वस्तू मरते तेच वगळून विकलेलं संरक्षण ६ ला काय, १ लाही महाग आहे. आणि असं भिंग दुरुस्त करायचा खर्च ऐकलात तर तुम्हीच म्हणाल, राहू दे.

मग येतो तुमचा आशावाद. "फोटो स्टॉक साइटवर टाकले तर महिन्याला ३-४ सुटतील, कॅमेरा स्वतःचे पैसे स्वतः फेडेल." कोणी सांगितलं? स्टॉक साइट म्हणजे फोटो विकायला ठेवायची जागा. तिथे सहज कमाई होते असं सांगणारा व्हिडिओ मीही पाहिलाय, दरवेळी वेगळ्या माणसाच्या तोंडून. मोठ्या साइटवर कोट्यवधी फोटो आधीच पडून आहेत आणि एका डाउनलोडमागे छायाचित्रकाराच्या हाती चिल्लर येते. त्यात २०२२ च्या अखेरीस अ‍ॅडोबी स्टॉकने एआयने बनवलेली चित्रंही अटींसह घ्यायला सुरुवात केली. ओळखू येणारा चेहरा जाहिरातीच्या वापरासाठी विकायचा तर त्या माणसाची लेखी संमती लागते. शाळेच्या कार्यक्रमातल्या मुलांचे फोटो त्यात बसत नाहीत. हौस हौस म्हणून करा, माझी ना नाही. हिशेबाच्या वहीत मात्र ही कमाई शून्य लिहा.

आता, तुम्ही खरोखर विचारलं होतं ते.

माहितीपत्रकातला 'एक इंच' कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. हा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, त्याचा कर्ण १६ मिलिमीटरच्या आसपास. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या व्यासावरून चालत आलं, नळी गेली तरी नाव राहिलं. 'फ्लॅट १२' चा चुलतभाऊच म्हणा. तरीही तो तीसपट झूमवाल्यापेक्षा खूप मोठा आहे. त्या कॅमेऱ्यांत सहसा १/२.३ इंच नावाचा सेन्सर असतो, ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ मोजा: एकाचं ११६ चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचं २८. चौपट. कमी उजेडात फोटो रवाळ होतो की स्वच्छ येतो, हे मुख्यतः या चौपटीवर आणि भिंगाच्या तोंडावर ठरतं.

तीसपट म्हणजे २४ मिलिमीटरपासून ७२० पर्यंत (हा भिंगाचा आकडा, जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), ऐकायला जबरदस्त. पण त्या दुसऱ्या टोकाला भिंगाचं तोंड एफ ६.४ च्या आसपास आकसलेलं असतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). तीनपटवाल्या चांगल्या भिंगांत शेवटच्या टोकालाही एफ २.८ मिळतो, म्हणजे पाचपट उजेड. शिवाय ७२० ला हात हलू नये म्हणून जुना ठोकताळा सेकंदाच्या सातशेव्या भागाचा शटर मागतो. कॅमेऱ्यातली स्थिरता यंत्रणा तुमच्या हाताचा कंप सावरते, स्टेजवर नाचणाऱ्या मुलीची हालचाल ती थांबवू शकत नाही.

तुम्ही काय टिपणार आहात, तर मुलीचे सभागृहातले कार्यक्रम, घरातले वाढदिवस आणि खिडकीतून दिसणारे पक्षी. पहिल्या दोन गोष्टींना सेन्सर आणि उजेड लागतो, झूम लागत नाही. सभागृहात पुढच्या रांगेत बसा, ते फुकट आहे. पक्ष्यांना झूम लागतो, आणि भरपूर उन्हात तो तीसपटवाला बरं काम करेल. पण पक्षी तुमच्या पत्रात एकदाच येतात, मुलगी अकरा वेळा.

मेगापिक्सेलची तुम्ही केलेली तुलना (१८ की २०?) पुसून टाका. आठ बाय दहा इंची छापील फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी ७.२ मेगापिक्सेल पुरतात. फोरके पडद्याला ८.३. सोनीच्या आरएक्स १०० या एक इंची मालिकेत २०१२ च्या पहिल्या मॉडेलात २०.२ मेगापिक्सेल होते, २०१९ च्या सातव्यात २०.१. म्हणजे जुनं मॉडेल घेऊन या बाबतीत काहीच सुटत नाही. त्यातलं २०१४ चं तिसरं बघा: २४ ते ७० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८, आणि वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो तेव्हा या व्ह्यूफाइंडरची किंमत कळते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने दाबून लहान न केलेली, नंतर हवी तशी सुधारता येणारी मूळ फाइल) काढता येते का, तेही बघा.

स्वस्तवाल्याबद्दल एक अप्रिय गोष्ट. अलीकडच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सर १/२.३ पेक्षा मोठा असतो. तुमचा फोन तसा असेल तर झूम न करता काढलेले ४५ च्या कॅमेऱ्याचे फोटो फोनपेक्षा सरस निघतील, अशी आशा ठेवू नका. ते ४५ फक्त झूमचे.

म्हणून माझं मत: नवे दोन्ही नकोत. एक इंचाचा, एक-दोन पिढ्या जुना, वापरलेला कॅमेरा घ्या. ४० पर्यंत मिळायला हरकत नाही. हप्ता म्हणून ४ द्यायला तुम्ही तयारच होता. कार्ड शून्यावर आलं की सुटणाऱ्या ९ मधले ५ ठेवीत घाला आणि ४ कॅमेऱ्यासाठी बाजूला काढा. दहा महिन्यांत ४० जमतात. पुढे सगळे ९ ठेवीत. आजपासून दोन वर्षांनी ठेव, व्याज न धरता, १५० च्या पुढे गेलेली असेल. आहे त्याच वाटेने गेलात तर तेव्हाही कार्डावर हेच १४० असतील, जास्तच.

तोवर नातेवाइकांना विचारा. २०१० च्या सुमारास जगभर वर्षाला १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात येत होते, त्यातले बहुतेक छोटेच; कुणाच्या ना कुणाच्या कपाटात एखादा पडून असेल. तो मागून आणा आणि वर्षभर वापरा. फोन खिशात असताना तुम्ही दुसरं यंत्र खरंच बरोबर नेता का, हे दहा महिन्यांत कळेल. नेत नसलात तर ते ४० सुद्धा ठेवीत.

आणि वापरलेला घ्यायला जाल तेव्हा भिंग दहा वेळा आत-बाहेर करून बघा, खरखर ऐकू आली तर परत द्या. एफ ११ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा. एकाच जागी पुन्हा पुन्हा डाग दिसला तर सेन्सरवर धूळ आहे, आणि अशा कॅमेऱ्यात भिंग काढून ती पुसता येत नाही. बॅटरी दमलेली असणारच, तिचा १ वेगळा धरा.