पुण्याची गाडी पकडण्याआधी वर्षभर इथेच काम कर

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. चोपडा तालुक्यातलं गाव, बी.एस्सी. संगणकशास्त्र यंदाच झालं, ६८ टक्के. कॉलेजात एकच कंपनी आली, तीही विक्रीच्या कामाला पोरं न्यायला. वडील म्हणतात पुण्याला जा, एमपीएससीचा क्लास लाव. मित्र म्हणतो पुण्यातच ७० हजार भरून सहा महिन्यांचा ‘जॉब गॅरंटी’ कोर्स कर. शेवटच्या ओळीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या बहिणीचंही विचारलं आहेस.

मी मूळची पाचोऱ्याकडची. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आत्ता लगेच यातलं काहीच करू नको. पुण्याला यायचंच आहे, पण दाखवायला काम घेऊन ये. ते काम तुला जळगाव जिल्ह्यात मिळू शकतं.

आधी बाजार समजून घे. पूर्वी मोठ्या आयटी कंपन्या हजारांनी मुलं घ्यायच्या, तीन-चार महिने बसवून शिकवायच्या आणि प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर, म्हणजे कामाविना पगारावर, ठेवायच्या. नव्या मुलाचा पगार तेव्हाही वर्षाला सव्वातीन-साडेतीन लाख होता, आजही बहुतेक ठिकाणी तेवढाच आहे. बदललं ते हे की शिकवायला आता कुणाला वेळ नाही. नवीन पोराच्या वाट्याला पहिल्या वर्षी जी कामं यायची, म्हणजे टेस्ट केस (प्रोग्राम तपासायच्या पायऱ्या) लिहिणं, छोटे रिपोर्ट काढणं, जुन्या कोडमध्ये किरकोळ दुरुस्ती, ती २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून वरचा माणूस एआयकडून अर्ध्या तासात करून घेतो. टीसीएसने २०२५ च्या जुलैत सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, ती बातमी तुझ्या वडिलांनीही टीव्हीवर पाहिली असेल. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. त्यामुळे ‘आयटी संपलं’ असा अर्थ काढू नको. परदेशी बँका, मोटार कंपन्या, विमा कंपन्या यांची स्वतःची तंत्रज्ञान केंद्रं भारतात १,७०० च्या वर गेली आहेत आणि पुण्यात त्यांची मोठी गर्दी आहे. तिथे पगार बरा असतो, पण माणसं मोजून घेतात आणि ‘काय येतं’पेक्षा ‘काय केलंस’ हे विचारतात.

तुझ्या बायोडाटात प्रोजेक्ट म्हणून ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ लिहिलं आहे. खरं सांगते, आमच्यासमोर येणाऱ्या दर तिसऱ्या-चौथ्या मुलाकडे हेच असतं, नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट. ‘एकाच खाटेवर दोन पेशंटची नोंद झाली तर काय होईल?’ एवढं विचारलं की समोरचा गप्प. कारण कोड सीनियरकडून आलेला असतो.

याउलट एक मुलगी आठवते, रावेरकडची. तिच्या काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खत, औषधं सगळं उधारीवर जातं आणि वसुली कापूस विकला किंवा केळीचे पैसे आले की. वहीत ‘पाटील’ नावाचे किती लोक असतील ते तुला सांगायला नको, त्यात नाव, वडिलांचं नाव दोन्ही जुळणारेही असतात. तिने आधी नावावरून खाती केली आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. मग तिने मोबाईल नंबरवरून खातं शोधायचं ठरवलं, तर एकाच घरातले तिघं एकच नंबर देतात. शेवटी गाव, वडिलांचं नाव आणि गट नंबर असं मिळून खातं ओळखायची सोय केली. अर्धे पैसे आत्ता, अर्धे पोळ्यानंतर असं देणाऱ्याची नोंद कशी ठेवली, दुरुस्ती करताना जुनी नोंद खोडली का नाही, हे सगळं तिने न अडखळता सांगितलं. प्रोग्राम दिसायला साधा, पायथॉन आणि एक छोटा डेटाबेस. कोडचा काही भाग एआयकडून लिहून घेतला हेही तिने सांगितलं आणि एआयने कुठे चूक केली होती ते दाखवलं. तिचं इंग्रजी तुझ्यामाझ्यासारखंच होतं. तिला आम्ही घेतलं.

असं काम तुझ्या आजूबाजूला पडलेलं आहे. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहेत, चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत. ठिबक सिंचनाचा एवढा मोठा उद्योग जळगावात उभा आहे. रावेर, यावल, सावद्याकडे केळी पॅक होऊन आखातात जाते. जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि निर्यातीच्या मालाला कोणती केळी कुठल्या शेतातून आली ही नोंद लागते. शिरपूरला सूतगिरण्या आणि कापडाचे कारखाने, नंदुरबार-दोंडाईच्याला मिरची. यातल्या बऱ्याच ठिकाणी हिशेबाला टॅली आहे, एक्सेल आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात आणि या तिन्हींचा मेळ घालणारं माणूस नसतं. मालकाला ‘सॉफ्टवेअर बनवून देतो’ म्हणू नको, तो घाबरेल. ‘तुमचा स्टॉक आणि बिलं रोज संध्याकाळी जुळतील असं करून देतो’ म्हण. पगार आठ-दहा हजार देतील. घरून डबा नेऊन वर्षभर ते कर. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेसचं जेवून महिन्याला दहा-बारा हजार खर्चण्यापेक्षा हे परवडतं, आणि वर्षाच्या शेवटी तुझ्याकडे खऱ्या धंद्याची खरी अडचण सोडवल्याचा पुरावा असतो.

एक गोष्ट मात्र आधी तपास. पदवीधरांसाठी केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप आहे, नॅट्स पोर्टलवर नोंदणी होते. पदवीनंतर पाच वर्षांच्या आत, एक वर्षाचं प्रशिक्षण. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० ठरला, त्यातला काही वाटा सरकार उचलतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. पण एकदा वर्षभराचा अनुभव झाला की बहुतेक जाहिरातींत तू अपात्र ठरतोस. म्हणून अप्रेंटिस व्हायचं तर आत्ताच. स्टेट बँकेसारख्या बँकाही पदवीधर अप्रेंटिस घेतात आणि तिथे स्थानिक भाषा यावी लागते, म्हणजे मराठी. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार आहेत, तीही बघ. फक्त प्रशिक्षण संपलं की कायम करतील या आशेवर तिथे थांबून राहू नको. त्या आशेवर थांबलेली बरीच मुलं पुढे आंदोलनाला बसलेली आपण पाहिली.

मोठ्या कंपन्यांचं दार बी.एस्सी.वाल्याला बंद नाही. विप्रो बीसीए-बी.एस्सी.ची मुलं घेऊन नोकरीसोबत एम.टेक. करवते, त्याला पाच वर्षांच्या कराराची अट असते. टीसीएसही बीसीए-बी.एस्सी.साठी वेगळी भरती करते. (विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्या अमळनेरला तेलाच्या कारखान्यातून झाली. मुलाखतीत ‘कंपनीबद्दल काय माहीत आहे’ असं विचारलं तर खान्देशातल्या पोराने हे अभिमानाने सांगावं.) पात्रता त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाच आणि अर्ज कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच भर.

आता तो ७० हजारांचा कोर्स. गॅरंटी नोकरीची कुणीही देऊ शकत नाही. जी पावती देतात तिच्या मागची बारीक अक्षरं वाच, तिथे ‘मुलाखतीची संधी’ एवढंच लिहिलेलं असतं. शिकायचंच असेल तर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, परीक्षेची फी तेवढी नाममात्र. आणि कुणी थेट जॉइनिंगसाठी पैसे मागितले तर विषय तिथेच संपव. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, जीमेलवरून ऑफर लेटर पाठवत नाही आणि मूळ मार्कशीट ठेवून घेत नाही. लहान कंपनी असेल तर पीएफच्या वेबसाइटवर तिचं नाव शोध, पीएफ भरते का ते तिथे दिसतं. आपल्याकडच्या पोरांनी शेत गहाण ठेवून असे पैसे भरलेले मी ऐकले आहेत, म्हणून एवढ्या तळमळीने सांगते.

एमपीएससीबद्दल वडिलांशी भांडू नको, त्यांची काळजी खरी आहे. त्यांच्यासमोर आकडे ठेव. तलाठी भरती एमपीएससीची नव्हती, पण गर्दीचा अंदाज येतो: २०२३ ला तिच्यात ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे पर्याय निवडून भागत नाही, रोज उत्तरं लिहायचा सराव लागतो. तुला खरंच प्रशासनात जायचं असेल तर जरूर कर, मनापासून कर, पण पहिलं वर्ष गावी राहून, तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून. दोन पूर्वपरीक्षा दे आणि दोन्हींत कटऑफच्या जवळपासही गेला नाहीस तर थांब, हे आजच घरच्यांसमोर कबूल करून ठेव. सदाशिव पेठेत तिशी ओलांडलेली आपल्या भागातली किती मुलं घरी परत जायच्या संकोचापायी बसून आहेत! त्यांच्यात हुशारी कमी नव्हती, थांबायची तारीख कुणी ठरवली नव्हती. बँकेची लिपिक भरती मात्र सोबत ठेव. ती राज्यवार होते, अभ्यास बराचसा सामाईक असतो.

इंग्रजीचं तू भीतभीत लिहिलं आहेस. बोलताना अहिराणीचा हेल येतो म्हणून कुणी नापास करत नाही. रोज रात्री मोबाईलवर दोन मिनिटं आपलं काम इंग्रजीत सांगून रेकॉर्ड कर आणि सकाळी ऐक. काय अडचण होती, मी काय केलं, काय बदललं, एवढंच. महिनाभरात तुझा तुलाच फरक कळेल.

ऑफर आली की सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, हुरळू नको. ३ लाख ३६ हजार म्हणजे महिना २८ हजार हातात, असं नसतं. कंपनीचा आणि तुझा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, २०० रुपये व्यवसाय कर वजा जाऊन साधारण बावीस-चोवीस हजार उरतात. पुण्याचा खर्च त्यातून काढायचा.

राहिली बहीण. तिची वाट मला तुझ्यापेक्षा सोपी दिसते. तिला आत्तापासून कॉलेज सांभाळून एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात पाठव, पगार मिळो न मिळो. तिथे एकच काम नीट शिकू दे: दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतो, म्हणजे दुकानदाराला माल विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांचा तक्ता, तो दुकानदाराच्या खरेदीच्या नोंदींशी जुळवायचा. कुठल्या व्यापाऱ्याने बिल चढवलंच नाही, कुठे जीएसटी नंबरातला एक आकडा चुकला, कुठलं बिल पुढच्या महिन्यात गेलं, हे शोधायचं आणि त्या व्यापाऱ्याला फोन करून दुरुस्त करून घ्यायचं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) कायमचं बुडत नाही, पुढच्या रिटर्नमध्ये घेता येतं. एक्सेलचं व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल ती या कामातच शिकेल, वेगळा क्लास लागणार नाही. टॅली तिथे असतंच. जुलै ते सप्टेंबर रिटर्न आणि ऑडिटची घाई असते, तेव्हा या ऑफिसांत माणूस कमी पडतं, त्यामुळे जूनमध्ये जाऊन विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. आणि फोनवर अनोळखी व्यापाऱ्याशी बोलायला ती लाजत असेल, तर पहिले काही फोन तू शेजारी बसून करवून घे.