बिल कॉस्बीचा सल्ला पालकसभेत सांगावा का?

तुम्हाला शाळेच्या पालकसभेत बोलायचं आहे. टिपणात अमेरिकी विनोदी नट बिल कॉस्बीची मुलांच्या शिक्षणाबद्दलची दोन-तीन वाक्यं आहेत आणि तुमच्या सहकारी बाई म्हणाल्या, त्या माणसाचं नाव घेऊ नका. सल्ला चांगला असेल तर तो कोणी दिला याने काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय.

बिघडतं, असं मला वाटतं. मी बरीच वर्षं फिलाडेल्फियाजवळ राहते. त्याच्यावरचा लैंगिक अत्याचाराचा खटला नॉरिसटाउनच्या ज्या कोर्टात चालला, ते आमच्या घरापासून फार लांब नाही. त्या दिवसांत इथे दुसरा विषय नसायचा, आणि तुमचाच प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय.

कॉस्बी नुसता विनोदी नट नव्हता. १९८४ ते १९९२ अशी आठ वर्षं 'द कॉस्बी शो' या टीव्ही मालिकेत तो डॉक्टर क्लिफ हक्स्टेबल होता, हसतखेळत पाच मुलांना वळण लावणारा कृष्णवर्णीय बाप. लोक त्याला 'अमेरिकेचा बाबा' म्हणत. शिक्षणशास्त्रात त्याने डॉक्टरेटही केली होती. तो बोलायला लागला की घरातलं वडीलधारं माणूस बोलतंय असं समजून लोक ऐकत.

१७ मे २००४ला वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये एक समारंभ होता. सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 'ब्राउन' निकालाला त्या दिवशी ५० वर्षं झाली होती. तिथे कॉस्बीने गरीब कृष्णवर्णीय आईबापांना चांगलंच झापलं. मुलाला ५०० डॉलरचे बूट घेता आणि वाचायला शिकवणाऱ्या संचावर २०० डॉलर खर्च करत नाही, म्हणाला. चोरलेल्या केकच्या तुकड्यापायी कुणाला डोक्यात गोळी बसली की आपण पोलिसांवर चिडतो, पण मुळात तो केक त्याच्या हातात आला कसा हे विचारत नाही, असंही म्हणाला. भाषणाला पुढे 'पाउंड केक' हेच नाव पडलं. टाळ्या भरपूर पडल्या. टीकाही तेव्हाच झाली. मायकेल एरिक डायसन या अभ्यासकाने पुढच्याच वर्षी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पडक्या शाळा, नसलेल्या नोकऱ्या, भरलेले तुरुंग हे सगळं बाजूला ठेवून दोष गरिबांच्याच माथी मारला, असं त्याचं म्हणणं.

आता दुसरी तारीख. अँड्रिया कॉन्स्टँड टेंपल विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचं कामकाज बघायची आणि कॉस्बी त्याच विद्यापीठाचा विश्वस्त होता. आपल्याला घरी बोलावून, गोळ्या देऊन त्याने अत्याचार केला, अशी तिची साक्ष आहे. ती घटना जानेवारी २००४ची. भाषणाच्या चार महिने आधीची.

२०१८मध्ये जूरीने त्याला दोषी धरलं आणि ३ ते १० वर्षांची शिक्षा झाली. २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण आधीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचा शब्द दिला होता आणि त्या भरवशावर कॉस्बीने जबाब दिला होता. अत्याचार झालाच नाही, असं त्या न्यायालयाने म्हटलेलं नाही. तो स्वतः आजवर सगळं नाकारतो. पण साठच्या आसपास बायका पुढे आल्या, आणि १९७५मध्ये ज्युडी हथ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीवर त्याने अत्याचार केला, असं लॉस एंजलिसच्या जूरीने २०२२मध्ये दिवाणी दाव्यात ठरवलं.

इथे मला माझ्या शाळेतलं एक सांगायचंय. आम्हाला गणिताला एक सर होते. शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग चुटकीसरशी कसा काढायचा ते त्यांनी शिकवलं. ३५चा वर्ग? तीन चोक बारा, पुढे पंचवीस लिहा, १२२५. दर शनिवारी मूल्यशिक्षणाचा तासही तेच घ्यायचे. फळ्याच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरात सुविचार लिहायचे आणि प्रामाणिकपणावर असं बोलायचे की वर्ग चिडीचूप. दहावीला हॉल तिकिटं वाटली तेव्हा माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं तिकीटच आलं नाही. परीक्षेची फी तिने सरांच्या हातात दिली होती, नोटांची घडी रुमालात बांधून आणलेली मी पाहिली होती. ती पुढे भरलीच गेली नव्हती. तिची आई शेतातली मजुरी बुडवून विचारायला आली, तर व्हरांड्यात उभ्या असलेल्या दोन शिक्षकांनी तिला तिथूनच परत पाठवलं. "अहो, ते सर असं करणारच नाहीत. तुमच्या पोरीनेच खर्च केले असतील." आणखी दोन मुलांच्या घरची माणसं आली तेव्हा कुठे सगळं बाहेर पडलं. तोवर मैत्रिणीचं वर्ष गेलं होतं. त्या वर्षातच तिचं लग्न लावून दिलं.

१२२५ मी आजही वापरते, माझ्या मुलीलाही शिकवलंय. ते पडताळायला सरांची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरते. शनिवारच्या तासाचं तसं नाही. त्या तासाला आम्ही सुविचार शिकत नव्हतो, खोटं बोलू नये हे आम्हाला घरीच माहीत होतं. आम्ही विश्वास ठेवायला शिकत होतो, तोही त्या एका माणसावर. आणि त्या विश्वासाची किंमत मैत्रिणीच्या आईने व्हरांड्यात मोजली.

म्हणून 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' एवढ्यावर मला हा विषय सोडवत नाही. कोरडा पाषाण कुणाला इजा करत नाही. इथे उपदेशच ढाल झाला होता. 'अमेरिकेचा बाबा' असं करेलच कसा, म्हणून बायकांचं कुणी ऐकलं नाही. कॉन्स्टँडने २००५मध्ये तक्रार दिली तेव्हा गुन्हा दाखल झाला नाही. अनेक जणींचे आरोप त्याच सुमारास वर्तमानपत्रांत छापून आले आणि विरून गेले. ऑक्टोबर २०१४मध्ये फिलाडेल्फियातल्या एका कार्यक्रमात हॅनिबल ब्युरेस या विनोदी कलाकाराने तो विषय काढला, तेव्हा कुठे सगळीकडे बोलणं सुरू झालं. आणि त्याने बोट ठेवलं ते नेमकं ह्याच जागेवर, की हा माणूस तरुण पोरांना घसरलेल्या पँट वर ओढा म्हणून उपदेश करत फिरतो.

पुढच्या वर्षी एका न्यायाधीशानेही तेच कारण धरलं. कॉन्स्टँडच्या दिवाणी दाव्यातला कॉस्बीचा जबाब कोर्टात दडलेला होता आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तो मागितला होता. कॉस्बीचे वकील म्हणाले, ही खाजगी बाब आहे. न्यायाधीश एदुआर्दो रोब्रेनो यांनी जुलै २०१५मध्ये काही कागद खुले केले. मुलं कशी वाढवावीत, कुटुंब कसं असावं, शिक्षण, गुन्हेगारी, यांवर ज्याने आपणहून लोकांना नीतीचे धडे दिले, त्याच्या स्वतःच्या वागणुकीचा प्रश्न निघाल्यावर त्याला पूर्वीइतकं खाजगीपण मागता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ज्या बायकांशी संबंध ठेवायचे त्यांना देण्यासाठी गुंगीच्या गोळ्या मिळवल्या होत्या, ही कबुली त्या कागदांत होती. मला हा निकाल फार पटतो. नीतीचा सल्ला देणारा स्वतःचं आयुष्य तारण ठेवून बोलत असतो. तारण खोटं निघालं की त्यावरचं कर्ज बुडालं.

मग पडलेल्या माणसाचं कधीच ऐकायचं नाही का? तसं मी अजिबात म्हणत नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये कधीकाळी स्वतः व्यसनात बुडालेली माणसं आज दुसऱ्यांना समजावतात, आणि त्यांचं ऐकलं जातं ते ती पडली होती म्हणूनच. त्यांनी आपलं पडणं आधी सगळ्यांसमोर ठेवलेलं असतं. कॉस्बीने तुरुंगात लैंगिक गुन्हेगारांसाठीचा उपचार कार्यक्रम केला नाही, आणि २०२१मध्ये त्याचा पॅरोल नाकारला गेला. चुकलेल्याचं ऐकायला मी कधीही तयार आहे, पण आधी चुकलो म्हणायला हवं.

तुमच्या टिपणातली वाक्यं त्याचं नाव न घेता मोठ्याने वाचून बघा. मुलांबरोबर बसा, त्यांना वाचायला लावा, हे तुमची आजीही सांगेल आणि तिच्या तोंडी जास्त शोभेल. आणि केकवालं ते वाक्य? नावाशिवाय ते नुसतं निष्ठुर वाटेल. तुम्हाला नाव हवंय ते वजनासाठी, आणि वजनच उरलेलं नाही. शिवाय सभेत एखादी आई अशी असेल जिला कधीतरी कुणी "ते असं करणारच नाहीत" म्हटलं असेल. ते नाव ऐकून तिला काय वाटेल, याचाही विचार करा.

मोठं उदाहरण हवंच असेल तर ज्या निकालाच्या समारंभात तो बोलला, त्याच निकालामागची माणसं घ्या. व्हर्जिनियात फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीय मुलांचं मोटन हायस्कूल होतं. बांधलं होतं १८० मुलांसाठी, शिकत होती साडेचारशेच्या वर. उरलेल्यांसाठी डांबरी कागद ठोकलेली खोपटी. एप्रिल १९५१मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि मुलांना घेऊन शाळेबाहेर पडली. त्यातून उभा राहिलेला दावा पुढे 'ब्राउन' खटल्यात सामील झाला. निकाल मुलांच्या बाजूने लागला, तर गोरी-काळी मुलं एका वर्गात बसवायला नकोत म्हणून त्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. तेव्हा काही कृष्णवर्णीय आईबापांनी पोरांचे कपडे बांधून त्यांना परगावी नातलगांकडे शिकायला पाठवलं. तुमच्या सभेत शिक्षणासाठी पोरं मामाकडे ठेवलेले पालक असतील, त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.