साडेआठचा आकडा

अरे पोरा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, मी सकाळी बघितला. काका युद्ध लागणार काय, आणि लागलं तर आम्ही पहाटे उठून भरतीची तयारी करालोय तिचं काय. आणि खाली थोड्या वेळानं अजून एक ओळ, मृदंग सोडला, ह्या दिवसांत तसलं काय करत बसायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. खरं त्या शेवटच्या ओळीनं मला दिवसभर बेचैन केलं, म्हणून फोन न करता लिहायला बसलोय, फोनवर तू हो काका हो काका म्हणशील आणि ठेवशील.

युद्धाची भीती वाटते ह्यात लाज वाटून घेऊ नको. आपलं बेळगावच असलं आहे, कॅम्पातनं सकाळी गेलं की रिक्रूट पोरांचा आवाज कानावर येतो, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून इथं आहे, आणि खानापूर म्हण, चंदगड म्हण, कुठल्याही गावात जा, चार घरांत एक तरी फौजेतला फोटो भिंतीला असतोच. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याला जायची फौज आपल्या बेळगावातच गोळा झालेली, १७ इन्फंट्री डिव्हिजन, आणि १८-१९ डिसेंबरला सगळं उरकलं पण. माझे वडील सांगायचे, ट्रक कुठं चाललेत हे कुणी विचारत नव्हतं, आमची आजी दारात उभी राहून येईल त्या ट्रकाला हात जोडायची, बस एवढंच.

मला आठवतं ते कारगिलचं, १९९९. आमच्या गल्लीत एका घरचा मुलगा तिकडं होता आणि बरेच दिवस पत्र नाही, फोन नाही. त्याची आई दुपारी ओट्यावर बसून तांदूळ निवडायची. मी एकदा बघितलं, निवडून झालेलं सूप तिनं परत पातेल्यात ओतलं आणि परत पहिल्यापासून निवडायला घेतलं. मी म्हटलं वहिनी, निवडून झालंय की. ती म्हणाली, ठाऊक आहे रे, हात मोकळे राहिले की डोकं खातंय. पोरगा परत आला, आता रिटायर होऊन शेती करतोय, खरं ते सूप माझ्या डोळ्यासमोरनं जात नाही. तू मृदंग सोडलास म्हणालास तेव्हा मला पहिल्यांदा ती आठवली. तुझे हात आता मोकळे आहेत आणि त्यात मोबाईल आहे.

त्या मोबाईलचं पण सांगतो. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हल्ल्यानंतर, ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि १० ला शस्त्रसंधी, मधल्या त्या तीन-चार रात्री मी झोपलोच नाही. टीव्हीवर एका रात्रीत कराची बंदर उडालं म्हणून सांगितलं, सकाळी बंदर जागच्या जागी. ते लांबचं म्हणून सोड. आपल्याच जिल्ह्यातलं बघ, फौजेतल्या कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर त्या ऑपरेशनची माहिती द्यायला आल्या, त्यांचं सासर गोकाक तालुक्यातलं कोण्णूर, आणि लगेच पोस्ट फिरली की त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाला. माझं बोट फॉरवर्डवर गेलेलं. तेवढ्यात वाटलं आधी विचारावं, म्हणून वर्कशॉपमधल्या जुन्या दोस्ताला फोन लावला, तो गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा, तीस वर्षं आमची लेथ शेजारीशेजारी. तो म्हणाला इकडं काहीच झालेलं नाही, कुणी सांगितलं तुला. नंतर जिल्ह्याच्या पोलिसांनी पण ते खोटं म्हणून जाहीर केलं. एक फोन आणि दोन मिनिटं, खरं त्या दोन मिनिटांत मी बेळगावातली दोन माणसं एकमेकांवर घालायला निघालो होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझ्या डब्याचं. तू घरी आलास की गच्चीवर तो स्टीलचा उभा डबा बघून विचारायचास ना, काका हे काय. पाऊस मोजतो मी. बावीस वर्षं झाली. उद्यमबागेतल्या वर्कशॉपात असताना दिवसभर मायक्रोमीटर हातात, घरी आल्यावर पण काहीतरी मोजल्याशिवाय चैन पडायची नाही. भारी यंत्र लागत नाही रे त्याला, डबा तळापासून तोंडापर्यंत सरळ पाहिजे, निमुळता नको, मग तोंड रुंद असो की अरुंद, आकडा तोच येतो. भिंतीपासून, झाडापासून लांब, उघड्यावर ठेवायचा. सकाळी साडेआठला, हवामान खातं पण तेव्हाच मोजतं, स्टीलची पट्टी उभी बुडवायची, किती मिलिमीटर भिजली बघायची, वहीत लिहायचं, डबा उपडा करायचा. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे आपल्या गच्चीवर किती पाणी पडून गटारात गेलं ते तुला तोंडी सांगता येतं. २०१९ च्या ऑगस्टात, महापुराच्या वेळी, एका सकाळी डबा काठोकाठ भरून वर पाणी वाहिलेलं. बायको म्हणाली अंदाजानं लिहा. मी लिहिलं, डबा भरून वाहिला, मोजता आलं नाही. त्या पानाचा मला जेवढा भरवसा वाटतो तेवढा कुठल्याच पानाचा वाटत नाही.

म्हणून राजकारणावर तू तावातावानं बोलतोस तेव्हा मी गप्प बसतो, रागानं नाही. सीमाप्रश्न तुझ्या रक्तात आहे, माझ्या पण आहे, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून गेलेले १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे माझ्या वडिलांच्या वयाचे होते, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी मी शाळेत असल्यापासून काढलीय. आपल्यावर अन्याय झाला हे मी आजपण म्हणेन आणि ऑफिसात मराठीत अर्ज दिला म्हणून मला एकदा तीन तास बाकावर बसवून ठेवलेलं ते मी विसरलेलो नाही. खरं तुला विचारलं की सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालात काय आहे, तर तू म्हणालास तो आम्हाला मान्य नाही. मान्य नाही ते बरोबर, वाचलास काय? १९६६ ला आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवा म्हणाला आणि निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हणाला, हे अर्ध्या पोरांना ठाऊक नाही. महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा घातला तो राज्याराज्यातल्या भांडणाच्या १३१ कलमाखाली, आणि कर्नाटक म्हणतं राज्याची हद्द बदलायचा अधिकार ३ऱ्या कलमानं संसदेचा, हा मुद्दा समजला तर भांडता येतं. घटनेच्या ३५० अ कलमात मातृभाषेतनं प्राथमिक शिक्षणाची सोय करा म्हणून लिहिलंय, ते पाठ कर, आणि गावातली मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडायला आली असेल तर तिथं जाऊन चार पोरं वाढव. घोषणा देणाऱ्यांत तुझ्यासारखे हजार आहेत रे, शाळेत जाणारे कमी पडालेत.

आणि कन्नड शीक, नीट लिहायला वाचायला. मराठी कमी होत नाही त्यानं. सांबऱ्याच्या पुढं सुळेभावी आहे ना, तिथं १९२४ ला एका कानडी घरात शिवपुत्र कोमकळीमठ नावाचं पोरगं जन्मलं, आपण त्याला कुमार गंधर्व म्हणतो आणि घरचाच समजतो.

म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवायचं त्यावरनं पण तू परवा ग्रुपवर कुणाशी तरी तासभर भांडत होतास. कणकुंबीला गेलास काय कधी जुलैत? मलप्रभा तिथं उगम पावते, चोर्ल्याच्या अंगाला, ढग अक्षरशः रस्त्यावर बसलेले असतात, आणि तीच मलप्रभा खाली सौंदत्तीकडं जाते तिथं लोक टँकरची वाट बघतात. एकाच जिल्ह्यात. पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ ला कर्नाटकाला म्हादईचं १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिलं, गोव्याला ते पटलं नाही, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या टीव्हीवर बघून बोलतात. गाडी काढ, मी येतो, डबा पण घेऊ. तिथं एक रात्र ठेवू आणि एक इकडं, आणि दोन्ही आकडे तू तुझ्या हातानं लिही.

अग्निवीरचं म्हणशील तर पळणं सोडू नको, १६०० मीटर रोज घड्याळ लावून पळ. चार वर्षांनंतर त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम ठेवायचे असं योजना आली तेव्हा ठरलेलं, म्हणून आयटीआयचा कागद पण हातात ठेव, हे मी तुझ्या आईसमोर बोललो नाही, तुला सांगतोय.

आणि मृदंग उतरव खाली. माळ्यावर ठेवलायस असं तुझी आई म्हणाली. पावसाळ्यात चामड्याच्या वाद्या दमट झाल्या तर ढिल्या पडतात, तोंडावरच्या काळ्या शाईला चीर गेली असेल तर भरून घ्यायला लागेल, पैसे मी देतो. डाव्या तोंडाला कणीक लावून बसलास की हात आपोआप आठवतील. तुझ्या मृदंगाशिवाय एकादशीचं भजन कसं व्हायलंय ते तू ऐकलं नाहीस, मी ऐकतोय, म्हातारे लोक टाळांवरच ओढून नेतात.

आज संध्याकाळी वळीव झाला, अनगोळकडं जोरात, इकडं थोडा. डबा मी अजून बघितलेला नाही. उद्या रविवार, सकाळी साडेआठच्या आत ये, मला आता चष्मा लावून पण पट्टीवरची अर्धी रेघ दिसत नाही, तू वाचून सांग, मी लिहितो.

तुझा काका