पाच कोंबडे आणि उघड्या पाठीच्या कोंबड्या

प्रश्न : माझ्याकडे 14 गावठी कोंबड्या आणि 5 कोंबडे आहेत. पाच कोंबड्यांतले दोन गिरिराज जातीचे, बाकीचे तीन गावठी. खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली 12 अंडी ठेवली तर चार-पाचच पिल्लं निघतात. माद्यांच्या पाठीवरची पिसंही गेली आहेत. शेजारच्या काकी म्हणतात, ‘अजून एक कोंबडा ठेव, पिल्लं वाढतील.’ गावठीतला एक कोंबडा सासऱ्यांनी देवाला बोललेला आहे, त्याला हात लावता येत नाही. काय करावं?
– एक गृहिणी, ता. कुडाळ

उत्तर : ताई, काकींना चहा पाजा, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगाव फिरताना मी ‘कोंबडे जास्त, पिल्लं कमी’ हा प्रकार सगळीकडे पाहिला. तुमच्याकडे एका कोंबड्यामागे तीन कोंबड्यासुद्धा येत नाहीत. गावठीत एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या पुरतात, अंगापिंडाने चपळ असेल तर बारासुद्धा.

कोंबडे जास्त झाले की काय होतं, ते सकाळी खुराडं उघडल्यावर अर्धा तास अंगणात बसून बघा. एक कोंबडा कोंबडीवर चढला की दुसरा धावत येऊन त्याला ढकलतो. काम कुणाचंच पुरं होत नाही. आणि सगळ्यांचा डोळा त्याच दोन-तीन कोंबड्यांवर. एखादी कोंबडी उचलून मानेच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी बघा. पिसं मुळासकट उपटलेली नसतील, तुटून नुसते खुंट राहिलेले असतील. पंख उचलून कुशीतही बघा. कोंबड्याच्या टाचेवरच्या काट्याने तिथे चीर पडते आणि पिसांखाली ती दिसत नाही. चीर असेल तर ती कोंबडी बरी होईपर्यंत वेगळी ठेवा. जखमेवर हळद लावा, चीर खोल असेल तर दवाखान्यात न्या.

आता कोण ठेवायचा? दोन्ही गिरिराज आधी काढा. गावठी कोंबडी दीड किलोच्या आत-बाहेर, तिच्यावर चार किलोचं धूड चढलं तर पाठ राहील कशी? शिवाय गिरिराज हा मुळात संकर आहे, त्याची पुढची पिढी बापासारखी निघेल याचा भरवसा नाही. त्या रक्ताच्या तलंगा (तरुण कोंबड्या) सहसा खुडूकही बसत नाहीत. तुमचं सगळं काम खुडूक कोंबडीवर चालतं, तेव्हा हा तोटा मोठा आहे. गटारीच्या आधी विका, भाव चांगला येतो. श्रावण लागला की कुणी विचारत नाही.

उरले तीन गावठी. देवाच्या कोंबड्याला कळपातच ठेवायला पाहिजे असं देवाने सांगितलेलं नाही. कोंबड्या नजरेआड असल्या की एकत्र वाढलेले कोंबडे सहसा फारसे भांडत नाहीत. तेव्हा परसात वेगळी जाळी करा, त्यात तो आणि आणखी एक. कळपात एका वेळी एकच सोडा आणि दर आठवड्याला उरलेल्या दोघांतली पाळी बदला. पहिल्याने हुंगलंही नाही अशी कोंबडी दुसऱ्याजवळ जाते. पुढे कधी कोंबडा निवडताना एक बघा : दाणा टाकल्यावर जो आधी ‘कुट-कुट’ करून कोंबड्यांना बोलावतो, तो ठेवण्यासारखा. फक्त असा कोंबडा स्वतः उपाशी राहतो, म्हणून मधूनमधून छातीचं हाड चाचपा. धारदार लागलं तर पाळी नसताना त्याला वेगळं खाऊ घाला. पोरांच्या अंगावर धावणारा कितीही देखणा असला तरी नको.

पिल्लं कमी निघण्याचं खापर मात्र सगळं कोंबड्यांवर फोडू नका. अंडी बसवल्यावर सातव्या रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं चांगलं. लख्ख दिसलं तर फळलेलंच नाही, तिथे दोष जोडीचा. शिरा दिसल्या आणि तरी पिल्लू निघालं नाही, तर साठवण किंवा ऊब बघा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नका, एरवी आठवडाभर चालतं.

पुढच्या वर्षी याच कोंबड्यांच्या पोरी अंड्यावर येतील. तेव्हा कोंबडे दुसऱ्या वाडीतल्या कुणाशी अदलाबदल करा, नाहीतर बाप-लेकीची जोडी होते. आलेला कोंबडा दोन-तीन आठवडे लांब बांधा, राणीखेत रोगाची लस झाली आहे का विचारा, मगच आत सोडा. जुना काढल्यावरही त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी जास्तही टिकतं. म्हणून नव्या कोंबड्याचीच पिल्लं हवी असतील, तर जुना गेल्यापासून तीन आठवड्यांची अंडी घरात खा.

प्रश्न : आम्हाला फक्त खायला अंडी हवीत. चार कोंबड्यांना कोंबडा लागेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तेवढीच अंडी देते. शेजारी पहाटेच्या आरवण्याला वैतागणारे असतील तर मुळीच आणू नका.